आरामातही पहिला

थकणं म्हणजे हरणं, हे तुम्हीच आमच्या डोक्यात भरलंत. आणि आता आम्ही जरा टेकलो की तुम्हीच विचारता, ‘या पिढीला झालंय तरी काय?’ मला खरंच माहीत नाही. पण पर्वत पाटिया नाक्याजवळच्या आमच्या ऑफिसात, जिथून आम्ही ऑनलाइन साड्या विकतो, असे किस्से परत आलेल्या पार्सलांसारखे साठत जातात. कुणाच्या नावावर टाकायचे, तेच कळत नाही.

*

आमच्या मालकांना ‘शेठ’ म्हटलेलं चालत नाही. ‘कोच’ म्हणायचं. दर सोमवारी प्रत्येकाने उभं राहून एक मिनिट स्वतःचं कौतुक करायचं, हा त्यांचा नियम. नवी आलेली किंजल म्हणाली, की मी कामं वेळेवर करते. कोचनी तिला खाली बसवलं. हे कौतुक नाही, ही तर नोकरी झाली, म्हणाले.

मग निलेश उठला. शहरातल्याच भेस्तान वस्तीतला, खानदेशी घरातला, आमचा सेल्सचा हिरो. स्वतःबद्दल इतका बोलला की सगळ्यांचे चहा गार झाले. खाली बसताना मला हळूच विचारतो, ‘कमी पडलं का गं?’

*

बहिणीच्या हळदीला निलेशने सुट्टी घेतली आणि गालांना हळद फासलेल्या अवस्थेत व्हिडिओ मीटिंगला बसला. मागे बायका गाणी म्हणतायत, हा टार्गेट सांगतोय. कोचनी तो स्क्रीनशॉट ‘याला म्हणतात पॅशन’ असं लिहून ग्रुपवर टाकला. घरातल्या हळदीच्या फोटोंत मात्र निलेश एकाही ठिकाणी नाही.

*

पुढे सगळेच चिडचिडे झाले, म्हणून कोचनी ध्यान शिकवणाऱ्या एक बाई बोलावल्या. डोळे मिटा, काहीही मिळवायचं नाहीये, असं त्या सांगत होत्या. कोचना ते काही पटेना. त्यांनी स्पर्धाच लावली, सगळ्यात जास्त वेळ शांत कोण बसतं!

निलेश जिंकला. दुसऱ्या फेरीसाठी घरी प्रॅक्टिस करून आला होता. ट्रॉफी देताना कोच म्हणाले, ‘अरे वाह, तू तो आराम में भी टॉपर!’

*

नंतर तो यायचाच बंद झाला. मी भेस्तानला गेले. ‘दिनभर भिंतकडे देखत बसस,’ त्याची आई म्हणाली. जेवण नाही, झोप नाही. मागे लागून त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डिप्रेशन सांगितलं, गोळ्या दिल्या आणि महिनाभर कामाचं नाव काढायचं नाही, असं बजावलं.

निलेशने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘सर, सगळ्यात लवकर बरा झालेला पेशंट किती दिवसांत झाला?’

*

आठवडा झाला नसेल, तोच कोचचा फोन. सोमवारी ये आणि ‘मी डिप्रेशनला कसं हरवलं’ यावर बोल. मी तेव्हा त्याच्या घरीच होते. भांडले. जाऊ नकोस, आणखी खचशील. तो म्हणे, अशी संधी परत येत नाही. संधी कसली, मला कळेना. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला होता, त्यामुळे चुकतंय कोण, मी की तो, तेही कळेना.

तो उभा राहून भाषणाचा सराव करू लागला. डोळे खोल गेलेले, मूठ वर, ‘मी थांबलो नाही, मी जिंकलो!’ आई भारावून बघत होती. तिच्यासोबत मेथी निवडत बसलेल्या शेजारच्या कमलमावशींनी हातातली जुडी खाली ठेवली आणि निलेशकडे बोट दाखवत तिला विचारलं,

‘हाऊ बरा व्हता तवय कसा बोले, याद शे का तुले?’