वहीतलं शेवटचं वाक्य

सुमतीबाई गेल्याची बातमी मला आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर कळली. बाई दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, आम्ही खाली पार्किंगमधल्या खोलीत. सेक्रेटरींनी घाईत लिहिलेल्या दोन ओळी होत्या, त्यात बाईंचं नावही चुकलं होतं. खाली सगळ्यांचे जोडलेले हात. मी मोबाईल धरून बसून राहिले... आत्ता कोणीतरी दुरुस्त करील. मग लक्षात आलं, दुरुस्त करणारं माणूसच गेलं.

त्याला आता दीड महिना झाला.

आमचं गाव खुलताबादकडचं, घर मेंढरांचं. चौथी झाली आणि मी शाळा सोडून मेंढरांमागं गेले. लग्नानंतर दोन वर्षं ओळीनं पाऊस झाला नाही, तेव्हा कळप विकून आम्ही शहरात, गारखेड्यात आलो. हे वॉचमन झाले. आजूबाजूला नव्या बिल्डिंगी उठत होत्या, नळाला मात्र पाणी नव्हतं. टँकर आला की ग्रुपवर कळवायचं काम माझ्याकडं आलं, कारण ह्यांना लिहिता येत नाही. माझा पहिला निरोप चुकांसकट गेला तेव्हा खाली तिघांनी हसणारी तोंडं टाकली. त्या दिवसापासून टँकरचा हॉर्न ऐकला की मी निरोप चारदा लिहून चारदा पुसायचे.

बाई रिटायर शिक्षिका. ग्रुपवर कोणाचंही चुकलेलं सोडायच्या नाहीत. चौथ्या मजल्यावरचे खानचाचा एकदा जिन्यात वैतागून म्हणाले, "मॅडम, ये ग्रुप है, दसवी का पर्चा नै. समजलं ना? बस!"

"समजलं म्हणूनच दुरुस्त केलं," बाई म्हणाल्या. "समजलंच नसतं तर काय दुरुस्त करणार होते?"

माझं मात्र त्यांनी ग्रुपवर कधी दुरुस्त केलं नाही. वर बोलावून घेतलं. मी पदर पिळत दारातच उभी.

"आत ये गं. उद्यापासून वही आण."

"बाई, सेक्रेटरी सायेब म्हणले, कसं बी लिव्ह, टँकर आल्याचं कळलं म्हंजे झालं."

"ते कसंही लिहितील. त्यांना कोणी हसत नाही. तुला हसतात."

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन गेले.

मग रोज दुपारचा नेम ठरला. बाई मुद्दाम चुका करून एक वाक्य मोबाईलवर पाठवायच्या. मी ते आहे तसं पेन्सिलनं वहीत उतरवायचं, खाली सुधारून लिहायचं आणि वही घेऊन वर जायचं. बरोबर असलं की लाल पेनाची खूण आणि हातावर खडीसाखर. वाक्यं साधीच असायची. आजीला ताप आला, डॉक्टरांना बोलवा. विहीर आटली, गाव सोडलं. ते दुसरं वाचून मी म्हणाले, "बाई, हे तर आमचंच की." बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग ते तरी चुकवू नकोस."

त्या दुपारी टँकर रिकामा होऊन गेला आणि वाक्य आलं. नेहमीपेक्षा चुका लई, अर्धे शब्द एकमेकांत घुसलेले. मला वाटलं, आज बाईंनी अवघड घातलंय. हट्टानं बसले. एक शब्द दोनदा खोडला.

"जेवाया वाढ की," हे म्हणाले.

"थांबा जरा, माझा पेपर चाललाय."

अर्धा तास गेला असेल. वही छातीशी धरून, खूश होत जिना चढले. दार नुसतं लोटलेलं होतं. बाई खुर्चीत एका अंगाला कलंडलेल्या, मोबाईल पायाशी पडलेला...

पाच दिवस दवाखान्यात होत्या, बोलता आलं नाही. मुलगा पुण्याहून आला. मी त्याला वही दाखवली. ते पान वाचून तो म्हणाला, "मावशी, झटका मोठा होता. अर्ध्या तासानं काही फरक पडला नसता." असं डॉक्टर म्हणाले, की त्यानं माझ्यासाठी म्हटलं, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

तेव्हापासून जीव एका जागी ठरत नाही. शिकलेच नसते, तर तो निरोप मी सरळ निरोप म्हणून वाचला असता का? समजलं म्हणजे बस, हे खानचाचांचंच खरं का? मग आठवतं, ती हसणारी तोंडं बंद झाली ती बाईंमुळं. भांडी घासता घासता मी बाईंशी भांडते, आणि लगेच त्यांची बाजूही मीच घेते. बाई गेल्या त्या दिवशी खानचाचा खाली आले, मोबाईल पुढं करून म्हणाले, "बेटी, देख जरा. मॅडम के वास्ते लिख्या हूं, इसमें गलती नै होना." मी दोन ठिकाणी दुरुस्त करून दिलं.

टँकरचा निरोप मी आधी वहीत लिहून बघायचे, आता सरळ मोबाईलवर लिहिते. चुकतं कधी कधी. पण दुपार झाली की वही उघडते. त्या पानावर लाल खूण नाही. वर बाईंचं मोडकंतोडकं वाक्य, आणि खाली माझ्या सुवाच्य अक्षरात, 'मला बरं वाटत नाही. लवकर वर ये.'

एकही चूक नाही. फक्त मी ते वाचलं नव्हतं.