पहिल्या नंबरचं पान

...तर काल आपण वेबसाइटवरच्या त्या नळाच्या पानावर थांबलो होतो. नळ गळतोय, काय करावं, एवढंच सांगायचं होतं बिचाऱ्या पानाला. पण आपल्या चाळणीने, म्हणजे ऑफिसातल्या त्या पानं तपासणाऱ्याने, मोजलं तेव्हा त्यात 'गळणारा नळ' एक्केचाळीस वेळा आला होता. गळणारा नळ म्हणजे काय, गळणाऱ्या नळाचे प्रकार, गळणारा नळ आणि आपलं मनःस्वास्थ्य! आणि आधी पाण्याचा मुख्य कॉक बंद करा, हे मात्र कुठंच नव्हतं. म्हणजे माणूस पान वाचत वाचत नळ खोलणार आणि घराचं तळं करणार. चाळणी इतका हसला, इतका हसला, की शेजारच्या टेबलावर सर्चचे आलेख बघणाऱ्या आलेखवाल्याने कानातला इयरफोन काढून विचारलं, "काय रे, पगार वाढला की वेड लागलं?"

"वेड. दुसरं काय फुकट मिळतं इथं?"

हसून घेतलं ते बरं केलं म्हणायचं. कारण दोनच दिवसांनी एक वेगळंच पान आलं.

चाळणी हे नाव ऑफिसातल्या लोकांनी ठेवलेलं. काम तसंच होतं त्याचं. कंपनीची एक वेबसाइट होती, घरगुती सल्ल्यांची. नळापासून नातवंडांपर्यंत, जे विचाराल त्यावर एक पान. दहा-बारा वर्षांत साचून साचून चार हजार पानं झालेली, आणि त्यातली तीन हजार निव्वळ भुसा. पूर्वी सर्चमध्ये भुसाही वर यायचा. एकच शब्द चाळीस वेळा कोंबला की पान वर. मग सर्चला अक्कल आली आणि साइट खाली खाली जाऊ लागली, तसा कंपनीला घाम फुटला. चाळणीला बसवलं पाखडायला. रोज वीस पानं उघडायची, आणि टाकायचं, दुरुस्त करायचं की तसंच ठेवायचं ते ठरवायचं. बसायची जागा तळघरात. खिडकी होती, पण त्यातून रस्त्यावरच्या माणसांचे पायच तेवढे दिसत. दिवसभर चपला, बूट, काठ्या, लहान मुलांचे फरफटणारे पाय. तोंडं कधी दिसली नाहीत.

आता आतली गोष्ट ऐका. या भुशातला निदान पाव हिस्सा चाळणीने स्वतः लिहिला होता. दहा वर्षांपूर्वी नोकरी नव्हती तेव्हा घरी बसून तो एका कंत्राटदाराला दिवसाला दहा पानं लिहून द्यायचा. विषय सकाळी यायचे, पानं संध्याकाळी जायची. माशांची टाकी, छपराची गळती, दातदुखी, सगळ्यात हा पंडित! माशांची टाकी त्याने आयुष्यात दुकानाच्या काचेआडूनच पाहिलेली. पानांखाली नाव कुणाचंच नसे. ही गोष्ट त्याने ऑफिसात कुणाला सांगितली नाही. ज्याने घाण केली त्याच्याच हाती खराटा आला होता, आणि खराट्याचा पगार बरा होता.

घरात तो एकटाच. आई गावाच्याच दुसऱ्या टोकाला, ताईकडे. होती, म्हणजे. अर्धांगवायूने दोन वर्षं अंथरुणात काढली तिने, आणि आठ महिन्यांपूर्वी गेली. अर्धांगवायूने नाही गेली. पाठीवर, माकडहाडापाशी, एक लाल डाग पडला होता रुपयाएवढा. त्याची जखम झाली, जखम आत आत गेली, ताप चढला आणि पंधरा दिवसांत सगळं आटोपलं.

ताई रडली नाही. तिने दोन वर्षं नोकरी सोडून आईचं सगळं केलं होतं, हगणं-मुतणं, भरवणं, केस विंचरणं. रडण्याऐवजी ती दर रविवारी एकच गोष्ट उगाळत बसायची. चाळणी जेवायला गेला की ताटावर बसतो न बसतो तोच सुरू. "डाग दिसला त्याच दिवशी मी तेल चोळायला सुरुवात केली रे. एक दिवस चुकवला नाही. मग माझं कुठं कमी पडलं?" तो म्हणायचा, "ताई, कमी नाही पडलं. वय झालं होतं तिचं." हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं होतं की त्यालाही ते खरं वाटायला लागलेलं.

तर मी सांगत होतो ते पान. "अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची काळजी." यादीत त्याच्यापुढे हिरवी खूण होती. हिरवी म्हणजे पहिल्या नंबरचं पान, सर्चमध्ये सगळ्यात वर, सहा वर्षं. अशा पानाला हात लावायचा नाही, असा ऑफिसच्या मोठ्या बाईंचा, म्हणजे साहेबीण बाईंचा, कायदा. चालत्या गाडीचं चाक कशाला काढायचं? चाळणी नुसता नजर टाकून पुढे जाणार होता. पण तिसऱ्या परिच्छेदावर त्याची नजर अडकली.

"पाठीवर लाल डाग दिसताच कोमट तेल घेऊन तळहाताने दहा मिनिटे जोर लावून चोळावे. सकाळ-संध्याकाळ न चुकता केल्यास डाग नाहीसा होतो."

खिडकीबाहेर कुणाचे तरी पाय येऊन थांबले, बऱ्याच वेळाने गेले. हे चाळणीनेच लिहिलेलं होतं. पान भरायला शंभर शब्द कमी पडत होते त्या दिवशी, आणि अंथरुणातल्या रुग्णाबद्दल त्याला ओ की ठो माहीत नव्हतं. लहानपणी त्याचा पाय मुरगळला की आई कोमट तेलाने चोळायची, तळहाताने, जोर लावून. तेच त्याने उचललं, पाठीवर नेऊन ठेवलं, आणि 'न चुकता' वगैरे लावून शब्द पुरे केले. मुरगळलेला पाय कुठं आणि महिनोन्महिने अंथरुणाला टेकलेली पाठ कुठं! पण तेव्हा कोण विचारतंय?

ताईने कुठं वाचलं होतं, ते त्याने कधी विचारलंच नव्हतं. तिनेच एकदा आपणहून सांगितलेलं, "सगळ्यात वर जे येतं ना, तेच धरलं मी. उगाच दहा ठिकाणी कशाला बघायचं?"

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी तो दवाखान्यात गेला. आईचे शेवटचे दिवस ज्या वॉर्डात गेले, तिथल्या थोरल्या नर्सबाईंना गाठलं. त्या पट्ट्या गुंडाळत होत्या. त्याने प्रश्न असा विचारला जणू दुसऱ्याच कुणाचा आहे.

"चोळायचं?" बाईंनी मान वर केली. "लाल झालेल्या जागी? अहो, आतलं मांस आधीच दबून मेलेलं असतं तिथं. चोळलं की आणखी फाटतं. दर दोन तासांनी कूस बदला, जागा कोरडी ठेवा, दाबून लाली जात नसेल तर दाखवायला आणा. बस्स. कुणी शहाण्याने सांगितलं तुम्हाला चोळायला?"

"वाचलं कुठंतरी."

"हा पाचवा-सहावा माणूस तुम्ही. सगळे कुठंतरीच वाचतात." आणि त्या पुन्हा पट्टी गुंडाळू लागल्या.

ऑफिसात येऊन त्याने पान पाडलं आणि नव्याने बांधलं. बाईंनी सांगितलेलं सगळ्यात वर, ठळक अक्षरात: चोळू नका. कूस कशी बदलायची, उशी कुठं द्यायची, दवाखाना कधी गाठायचा. चार ओळींचं काम चार ओळींत. भरताड गेलं, तसं पान एवढंसं उरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक चांगलं पान लिहिलं होतं.

आठवड्याने आलेखवाला बोंबलत आला. "अरे चाळणी, हिरव्या पानाला हात लावलास? पहिल्यावरून सातव्यावर आलंय! सातव्यावर! तिथं कुत्रंसुद्धा फिरकत नाही."

मोठ्या बाईंनी बोलावलं. त्या वाईट नव्हत्या. चष्मा काढून, डोळे चोळत म्हणाल्या, "जुनं पान परत लावा."

"जुनं चुकीचं आहे, बाई."

"मग नवं त्याच्या खाली जोडा. लांबीही राहील."

"वर चोळा आणि खाली चोळू नका?"

आलेखवाला दारातून म्हणाला, "वाचणारा आपला आपण ठरवेल की!"

"तू गप्प बस," बाई म्हणाल्या, आणि चाळणीकडे वळल्या. "चार हजार पानांत तुम्हाला हेच एक सापडलं? सहा वर्षांत एक तक्रार नाही. कुणाचं काही बिघडल्याचं माहीत आहे तुम्हाला?"

सांगायला एकच वाक्य होतं. पण जे ताईला सांगितलं नाही ते इथं, आलेखवाल्याच्या देखत, कसं सांगणार? शेवटी म्हणाला, "माझी आई गेली यात." पान कुणी लिहिलं, ते मात्र गिळलं.

बाईंनी चष्मा परत घातला. "नवं राहू दे," एवढंच म्हणाल्या. आलेखवाल्याने त्या संध्याकाळी त्याला चहा पाजला आणि एकही थट्टा केली नाही. चाळणीला थट्टा चालली असती.

पण पाणी नुसत्या आपल्या विहिरीतलं उपसून काय होतंय! त्याने सर्चमध्ये बघितलं तर त्याचं जुनं पान इतर साइट्सनी उचललेलं. पहिल्या नंबरवर आता दुसऱ्याच कुणाचं पान होतं, त्यात तेच कोमट तेल, तीच दहा मिनिटं. त्याने एकेकाला पत्र लिहिलं. उत्तर एकाचंही आलं नाही. पेटलेल्या गवताला ज्याने काडी लावली त्यानेच ते विझवायला फुंकर मारावी, तसं ते.

आणि रविवार आला. तीन रविवार त्याने कामाचं निमित्त सांगून टाळले होते. चौथ्याला ताईचाच फोन, "जेवायला ये, नाहीतर मी डबा घेऊन तळघरात येते."

ताईचं घर दोन खोल्यांचं. आईची खाट अजून भिंतीशी, गादी गुंडाळून वर ठेवलेली. चाळणी तिच्याकडे पाठ करून बसला. ताईने वाढलं. आज तिची कळा जरा निराळी होती, आठ महिन्यांत पहिल्यांदा आवाजात थोडी उभारी होती.

"शेजारच्या काकू आहेत ना," ती म्हणाली, "त्यांचे वडील पडलेत अंथरुणात. काल पाठीवर डाग दिसला. काकू बावरल्या नुसत्या. म्हटलं, घाबरू नका, मला येतं. आजपासून मीच जाणार रोज, सकाळ-संध्याकाळ. आत्ताच तेल कोमट करायला ठेवलंय. आईच्या वेळी हात कच्चा होता, आता नाही."

चाळणीने घास ताटात ठेवला. "ताई, जाऊ नकोस."

"का रे?"

"चोळायचं नसतं. चोळलं की जखम होते."

ताई हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "कुणी सांगितलं? तू कधी बसलास आईपाशी एक रात्र? दर रविवारी येऊन जेवून जायचास!"

"नर्सबाईंनी सांगितलं. विचारून आलो."

"आणि ते जे लिहिलंय? जगातली माणसं वाचतात ते. सगळ्यात वर होतं, सांगते ना! मी काय मनानं केलं? अक्षर अन् अक्षर त्यातलं केलं." तिचा आवाज चढला, आणि चढता चढता मध्येच फाटला. तिला कळलं होतं, ती कुठं निघाली आहे ते. "म्हणजे डागाची जखम... मी केली म्हणतोस? माझ्या हातांनी?" ती आपले तळहात पालथे-उताणे करून बघायला लागली. "आणि ते लिहिणारा? तो काय मूर्ख होता? की कसाई होता?"

अजूनही वाट होती. कुणास ठाऊक कोण होता, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पानाखाली नाव नव्हतंच. गॅसवर तेलाची वाटी ठेवलेली होती. चाळणीने उठून गॅस बंद केला, आणि ताईकडे तोंड करून म्हणाला:

"मूर्खही नव्हता, कसाईही नव्हता. मी होतो, ताई. मला काही माहीत नव्हतं, तरी लिहिलं. तुझ्या हातांना बोल लावू नकोस, मला लाव, जन्मभर लाव. पण आधी उठ, काकूंकडे चल. मी त्यांच्यासमोरही हेच सांगतो."