दाजी आणि सूर्यातला लोहचुंबक

कॅसलरॉकपासून गुंदपर्यंतच्या साऱ्या रानात सूर्याच्या खाजगी भानगडीत लक्ष घालणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. दाजी कॅसलरॉक स्टेशनात तारेच्या कामावर होते. गाडीत कुणी साहेब विसरून गेलेल्या वर्तमानपत्रात त्यांनी एकदा वाचलं, की सूर्यावरच्या काळ्या डागांत लोहचुंबक आहे आणि तो कुण्या शास्त्रज्ञानं नुसत्या उजेडावरून ओळखला. त्या रात्री ते ताटावर तसेच बसून राहिले.

"नऊ कोटी मैलांवरचा चुंबक ओळखला! माणसानं जेवायचं कसं?"

"हातानं," अक्का म्हणाली.

आठवड्याभरात दोन्ही म्हशी गोठ्यातून पडवीत आल्या आणि गोठ्यात सूर्य आला. कौलात एक भोक, खाली भिंग, बेळगावहून आणलेली तिकोनी काच, आणि समोरच्या चुना लावलेल्या भिंतीवर सात रंगांचा पट्टा. त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा असत. डागातून आलेल्या उजेडात चुंबकापायी त्यांतली एखादी रेघ फुटून दोन होते. मधे एक खास स्फटिक धरून फिरवला, की फुटलेल्या रेघेची कधी ही बाजू विझते, कधी ती. दाजींना ते विझणं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. एवढंच.

हे समजावण्यासाठी त्यांनी अंगणातल्या कुंपणाच्या उभ्या काठ्यांमधून एक दोरी ओवून ठेवली होती. माझ्या भाचीला, म्हणजे त्यांच्या लेकीला, बघायला रामनगरची मंडळी आली, तेव्हा चहाच्या आधी मुलाच्या वडिलांच्या हातात दोरीचं टोक आलं. "उभी हलवा. गेली न्हवं लाट पलीकडं? आता आडवी. अडली! उजेडाचंबी असंच हाय. स्फटिक म्हंजे हे कुंपण."

पटका सावरत ते गृहस्थ म्हणाले, "व्हय, पर पोरीला सैपाक येतोय काय?"

"येतो. आता तिरकी हलवा."

लग्न जमलं. त्या गृहस्थांनी पुढे मात्र लेकाला नेहमी एकट्यालाच सासुरवाडीला धाडलं.

वर्षं गेली. रेघ काही फुटली नाही. पावसाळ्यात आमच्याकडे सूर्यच फुटत नसे. तेव्हा दाजी धोतराच्या सोग्यानं काच पुसत बसत. मग नोकरी संपली आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. लोक म्हणाले, सूर्यानं शिक्षा केली. दाजी म्हणाले, "त्याला एवढी सवड न्हाई."

मी गेलो होतो त्या दुपारी त्यांनी गोठ्यातून हाक मारली. अक्का पिठाच्या हातानं गेली. मी दारात उभा राहिलो. दाजी चाचपडत स्फटिक फिरवत होते. "बघ गं. रेघ फुटली काय?"

अक्कानं भिंतीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "व्हय. फुटली."

"किती?"

"दोन झाल्या. आता एक विझली बघा."

दाजींचा हात थांबला. त्यांनी स्फटिक खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "एवढ्याशा काचेत ती फुटलेली दिसत नसते. लई मोठं यंत्र लागतं. मला ठावं हाय."

अक्कानं पिठाचे हात पदराला पुसले.

"रंग तरी हायत न्हवं?"

"हायत की."

"मग ते सांग."

अक्का तशीच जमिनीवर बसली. "तांबडा हाय, पिकल्या कोकमावाणी," तिनं सुरुवात केली, "त्याच्या म्होरं नारिंगी..." आणि भोकातला उजेड भिंतीवरून सरकून जाईपर्यंत ती सांगत राहिली.