कात्रीकाकांची वाऽऽ

कात्रीकाकांकडे केस कापायला बसायचं म्हणजे मान त्यांच्या हातात द्यायची आणि कान त्यांच्या रेडिओला. काका कात्री चालवत नाहीत, वाजवतात. कचक-कच, कचक-कच, मग उगीच हवेत दोनदा कचकच, आणि मध्येच थांबून थेट गिऱ्हाइकाच्या कानात, "वाऽऽ! काय जागा घेतली!" गिऱ्हाईक घाबरून डोकं चाचपतं. कुठली जागा घेतली? मागे टक्कल तर नाही ना पाडलं?

या 'वाऽऽ'नेच घात केला होता. काकांची लेक सॅक्सोफोन वाजवते. कॉलेजच्या कार्यक्रमात ती जरा श्वास घ्यायला थांबली. काकांना वाटलं, झालं. त्यांनी पहिल्या रांगेतून तोफ डागली. लेकीचा पुढचा सूर शेपटीवर पाय पडलेल्या बदकासारखा निघाला.

आता शहराच्या जॅझ महोत्सवात, उघड्या मैदानावर, मोठ्या वादकांबरोबर वाजवायची तिची पहिलीच वेळ. तिने आदल्या दिवशीच बजावलं, "बाबा, खुशाल या. पण हूं नाही की चूं नाही. शपथ घ्या."

"घेतली."

"अशी नाही. कात्रीवर हात ठेवून."

काकांचा चेहरा उतरला, पण त्यांनी हात ठेवला.

"जाच महोत्सव?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं. "त्यासाठी मैदानात कशाला जायला हवं?"

"अगं, जाच नव्हे, जॅझ! एकेक जण पुढे येतो, मनाला येईल ते वाजवतो, बाकीचे निमूट साथ देतात."

"मग जाचच की तो. लग्न झाल्यापासून साथच देतेय मी."

मैदानावर पाऊल टाकलं आणि काकांच्या अंगात वारं शिरलं. माइकवाला "हॅलो, चेक, चेक" करत होता, काका हळूच "चेक, चेक" करत होते. ड्रमवाल्याने ब्रश फिरवले, श्शिक-श्शिक, श्शिक-श्शिक. काकांना सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं. "बघ, बघ, मानेवरचे केस झटकतोय!" काकूंनी चिमटा काढला.

पण दुपारची वेळ. लोक सावली धरून पसरलेले, आइस्क्रीम चाटत, फोनमध्ये डोकं घालून. म्हाताऱ्या पियानोवाल्याने आपली पाळी झोकात वाजवली. टाळी नाही. मग लेक पुढे आली.

आधी दबकत, दाराच्या फटीतून डोकावल्यासारखे दोन-तीन सूर. मग दार सताड उघडलं! सूर जिना उतरला, कठड्यावरून घसरला, घसरता घसरता वळून पुन्हा वर! काकांनी शर्टाची कॉलर तोंडात कोंबली. डोळे बाहेर, पाय थाडथाड. लेकीने शेवटचा सूर लांबवला, सोडला आणि मागे सरकली.

मैदान ढिम्म. कुणीतरी म्हणालं, "चमचा दे गं."

लेकीचे खांदे उतरले. ती बुटांकडे बघायला लागली.

"अहो, ओरडा की!" काकू फणकारल्या.

काकांनी कॉलर चावतच मान हलवली. "हपथ."

"कात्रीचीच ना? नवी आणू कात्री. ओरडा!"

"वाऽऽऽऽ! काय जागा घेतली!"

आइस्क्रीम चाटणं थांबलं. माना वळल्या. लेकीने डोळे गच्च मिटून घेतले. आणि पियानोवाल्या आजोबांनी एक हात चालू ठेवून दुसऱ्याने माइक ओढला. "बरोबर आहे त्यांचं! गाणं संपायची वाट कसली बघता? आवडलं की तिथल्या तिथे ओरडायचं असतं इथे!"

आयुष्यभर ज्याबद्दल बोलणी खाल्ली, तोच इथला नियम निघाला! काकांनी दुसरी तोफ डागली. मागच्या झाडाखालून कुणीतरी "वाऽऽ" केलं, मग टाळ्या, मग शिट्ट्या. आजोबांनी लेकीला बोटाने खुणावलं, पुन्हा ये. तिने गाल फुगवले आणि जी सुटली, ती सुटलीच. छत्र्या मिटल्या, माणसं उठून पुढे आली.

एक शिट्टी मात्र काकांच्या अगदी कानाजवळ वाजली. कडक, दोन बोटांची. त्यांनी वळून बघितलं. काकू!

"अगं, हे कधी शिकलीस?"

"गप्प बसा हो. पोरगी वाजवतेय."