दाखवायचं घर

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी किल्लीबाई तिसऱ्या मजल्यावरच्या दाराला किल्ली लावत होत्या. मागे जिन्यात एक बसड्रायव्हर, त्याची बायको आणि सासू दम खात उभी होती. घरात माणूस होतं, तरी दार बाहेरूनच उघडावं लागे. घरमालक सकाळी औषधं आणायला बाहेर पडत, आणि त्यांच्या बायकोला खुर्चीतून उठून दारापर्यंत यायला इतका वेळ लागे की तोवर एखादं गिऱ्हाईक कंटाळून जिना उतरायला लागे.

"या, या," आतून काकूंचा आवाज आला. "सगळं घर बघा. फक्त माझ्याकडे बघू नका, मी घराबरोबर मिळत नाही."

पाहुणे हसले. किल्लीबाईंनी हसल्यासारखं केलं. वर्षभरात हा विनोद त्यांनी चाळीसेक वेळा तरी ऐकला होता.

घरांच्या खरेदी-विक्रीचं ते छोटं ऑफिस मुळात त्यांच्या नवऱ्याचं आणि धाकट्या दिराचं. नवरा गेला आणि त्याच्या खुर्चीवर त्या बसल्या. हातात सदा जुडगा, म्हणून किल्लीबाई. खरं नाव आता फक्त बँकेला माहीत होतं. ऑफिसच्या भिंतीवर खिळ्यांच्या दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत विकायच्या घरांच्या किल्ल्या, खालच्या ओळीत दाखवायच्या घरांच्या.

दाखवायचं घर म्हणजे जे विकलं जाणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं, मालक सोडून. घरांचे भाव दोन वर्षं घसरत होते आणि मालक मात्र दोन वर्षांपूर्वीच्या आकड्याला घट्ट धरून बसले होते. अशा माणसाशी वाद घालायचा नाही, ही दिराची शिकवण. त्याची किल्ली घ्यायची, आभार मानायचे आणि येईल त्या गिऱ्हाइकाला आधी त्याचंच घर दाखवायचं. किंमत ऐकून गिऱ्हाइकाचा चेहरा उतरला की लगेच तेवढ्याच खोल्यांचं, रास्त भावाचं दुसरं घर. "आधी चटका द्यायचा वहिनी, मग फुंकर घालायची," दीर म्हणे. फुंकर बहुतेक वेळा लागू पडे. या मंदीत ऑफिसचा दिवा त्याच फुंकरीवर जळत होता.

तिसऱ्या मजल्याचे मालक छापखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले होते. भाव तेजीत असताना खालच्या मजल्यावरचं घर विकलं गेलं, तो आकडा त्यांनी आपल्या घराला लावला. वर रंग नवा म्हणून थोडं चढवलं. पुढे काकू न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून दोघांनी खुर्चीसकट उचलून वर आणलं, त्यानंतर त्या रस्त्यावर उतरल्या नव्हत्या. लिफ्ट नाही आणि व्हायची चिन्हंही नाहीत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, चालत्या राहायच्या असतील तर तळमजल्यावर न्या, नाहीतर पाय आखडत जातील. तसं एक घर किल्लीबाईंनीच शोधून ठेवलं होतं: दोन खोल्या, दार थेट फुटपाथवर, उंबऱ्याला अडखळायची भीती नाही. त्या घराचा मालक महिनाभर थांबला होता. आज संध्याकाळनंतर तो थांबणार नव्हता. हे विकलं तर ते घ्यायचं, एवढा साधा हिशेब.

ड्रायव्हरने घर पाहिलं, किंमत ऐकली आणि ठरल्याप्रमाणे त्याचा चेहरा उतरला. किल्लीबाईंनी सगळ्यांना पुढच्या गल्लीतल्या दुसऱ्या घरी नेलं. तिथे मात्र गाडी रुळावरून घसरली. ड्रायव्हरची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आधीचंच बरं होतं. दोन्ही बाजूंनी उजेड होता."

"तिसरा मजला आहे, ताई," किल्लीबाई सवयीने बोलून गेल्या.

"असू दे की. पाय शाबूत आहेत आमचे."

सासूने स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

ड्रायव्हरने आपला आकडा सांगितला. फोरमनच्या किमतीपेक्षा सातव्या हिश्श्याने कमी. "कर्ज मंजूर आहे. आजच काय ते सांगा, नाहीतर आम्ही हे घेतो."

किल्लीबाईंनी मनातल्या मनात आकडेमोड केली. तेवढ्यात तळमजल्याचं घर येत होतं आणि वर थोडं उरतही होतं. वर्षात पहिल्यांदाच दाखवायच्या घराला खरं गिऱ्हाईक लागलं होतं.

दिराला फोन केला, तर तो उखडला. "वहिनी, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला? हे दुसरं घर विकलंच जातंय, ते उरका. फोरमन म्हणजे दगड आहे."

"दगडाची बायको आहे ना वर अडकलेली, भाऊजी," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुपारी फोरमन घरी होते. आकडा ऐकून त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"नाही."

"काका, भाव अजून खाली जाणार आहेत."

"मग एवढी माणसं कशाला येतात? आठवड्याला एक तरी जोडपं असतं. बाई, ज्या दुकानात गर्दी असते, तिथला माल पडून राहत नाही."

"अहो, देऊन टाका ना," काकू खुर्चीतून म्हणाल्या.

"तुझ्याचसाठी थांबलोय. खालचं घर घेतलं आणि हातात काही उरलं नाही, तर मी गेल्यावर तुझं कोण बघणार? या बाई बघणार?"

किल्लीबाईंना आता एकच गोष्ट सांगायची उरली होती. ती त्यांनी सांगितली. "काका, ती माणसं तुमचं घर घ्यायला येत नव्हती. मी त्यांना आणत होते. तुमचं महाग आहे म्हणून आधी हे दाखवायचं, म्हणजे दुसरं स्वस्त वाटतं. आमची धंद्याची पद्धत आहे ती."

फोरमन चक्क हसले.

"तीस वर्षं कामगारांच्या सबबी ऐकल्यात मी. एकेकाची आजी दर महिन्याला मरायची. पण ही सबब नवी आहे! माणसं जिना चढून आली ती काय व्यायामाला? तुम्हाला आज सौदा पाहिजे, म्हणून माझं घर कुणालाच नको असं सांगताय. भाव पाडायचे हे धंदे मला ठाऊक आहेत."

"मी कमिशन घेत नाही. एक पैसा नको मला."

"ऐकलंस?" फोरमन बायकोकडे वळले. "दलाल कमिशन सोडतोय! म्हणजे मागे गिऱ्हाईक केवढं तालेवार असेल."

अकरा वर्षांत किल्लीबाईंनी गिऱ्हाइकांना नाना गोष्टी पटवल्या होत्या. आज खरं सांगितलं, तर तीच सगळ्यात मोठी लबाडी ठरली.

काकूंना मात्र पटलं होतं. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे त्या दोघी बहिणी? परत येतो म्हणाल्या होत्या. पडद्यांचं मापसुद्धा घेऊन गेल्या."

"त्या नाही येणार, काकू. त्यांनी दुसरं घर घेतलं, त्याच दिवशी."

"अस्सं." काकूंनी मांडीवरच्या शालीची एक सुरकुती तळहाताने सरळ केली. किंमत ठरवण्यात त्यांचं मत कधी धरलं गेलं नव्हतं, आजही धरलं गेलं नाही.

जिन्यातच किल्लीबाईंनी ड्रायव्हरला फोन लावला. "मग ते दुसरं द्या," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. चार वाजता ऑफिसात त्याने विसार दिला. सासूच सगळ्यात खूश होती. ते घर पहिल्याच मजल्यावर होतं. दिराने पावती फाडली आणि म्हणाला, "बघा वहिनी, लागू पडली ना फुंकर?" किल्लीबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पेनाचं टोपण शोधायला लागला.

सहाच्या सुमारास तळमजल्याच्या मालकाचा फोन आला. त्याने घर दुसऱ्या कुणाला देऊन टाकलं होतं. "पुष्कळ थांबलो हो," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. तळमजल्याचं दुसरं घर ऑफिसच्या यादीत नव्हतं.

ऑफिस बंद करताना तिसऱ्या मजल्याची किल्ली परत द्यावी असं किल्लीबाईंच्या मनात आलं. मग पुढचं दिसलं: फोरमन ती घेऊन चौकातल्या दुसऱ्या ऑफिसात जातील, आणि तिथेही भिंतीवर खिळ्यांच्या दोन ओळी आहेत. तेवढ्यात फोन वाजला.

"बाई, दुपारचं मनावर घेऊ नका," फोरमन म्हणाले. "धंदा आहे, चालायचंच. उद्या आहे का कुणी?"

"आहे," किल्लीबाई म्हणाल्या.

"किती वाजता? हिला तयार व्हायला वेळ लागतो."

उद्या एक शाळामास्तर आणि त्यांची बायको घर बघायला येणार आहेत. साडेदहाला तिसरा मजला, सव्वाअकराला बाजारामागचं घर.