पदराखालचे हात

शेवटचं काम म्हणजे आम्ही दोघांनी खळ्यात कोकमाची सोलं रसात बुडवून वाळत घातली. त्याच रात्री बायको झोपेतच गेली.

भिंतीवर तिचा साठ सालचा फोटो आहे. तेव्हा मी मालवणात फोटो काढायला शिकत होतो. पहिला चेहरा तिचाच घेतला. सोलं करून तिचे हात लालभडक झालेले.

"लाल रंग फोटोत काळो येता. हात पदराखाली घाल," मी नवीनच शिकलेलं सांगितलं.

"तुमका कामाक हे हात चलतत, फोटोक नाय?" असं म्हणाली, पण घातले.

चेहरा बरा आलाय. हात कुठेच नाहीत.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतल्या बायकांनी तिच्यावर गळ्यापर्यंत चादर घातली होती. मी तिचे दोन्ही हात बाहेर काढून ठेवले. अजून लाल होते.