मामाची जर्मनी आणि आईचा प्रश्न

इंटर सायन्सला मार्क थोडे कमी पडले, मुंबईच्या मेडिकलचा प्रवेश हुकला आणि मी आचऱ्याला घरी परतले. साठीच्या दशकातली गोष्ट. माझा मामा बोटीवर नोकरीला होता. त्या मे महिन्यात तो सुट्टीवर आला आणि फणसाचे गरे खाताखाता म्हणाला, "जर्मनीत माझ्या वळखीचो एक माणूस आसा. थंय डॉक्टरकी शिकूक फी पडणा नाय. चेडवाक पाठवया."

मुलगी डॉक्टर होणार म्हणून वडील हरखले. मी तर विहिरीवर पाणी काढताना मामाने शिकवलेले जर्मन शब्द घोकू लागले.

 आई मात्र दुसऱ्या दिवशी अंगणात कोकमाची सोलं सुकत घालताना म्हणाली, "गो, थंयसून डॉक्टर होऊन इलंस, तरी हयसर दवाखानो घालूक देतले?"

"न देऊक काय झाला?" मामा चिडला. "थंयले डॉक्टर माणसांक बरे करणत नाय?"

"करीत असतीत. पण तिका हयच रवाचा आसा. आधी इचारा."

पावसाळ्यासाठी आगबोटी बंद होण्याआधी मामा मला मालवणहून मुंबईला घेऊन गेला. जिथे डॉक्टरांची नोंदणी होते, त्या कचेरीत आम्ही गेलो. तिथल्या गृहस्थांनी विद्यापीठ कुठलं ते विचारलं आणि एक जाड पुस्तक चाळलं.

"ही पदवी आपल्याकडे मान्य नाही, बाई. नुसत्या तिच्यावर नोंदणी होणार नाही. आणि नोंदणीशिवाय दवाखाना काढता यायचा नाही."

माझा चेहरा पडलेला बघून ते हळूच म्हणाले, "आधी विचारलंत ते बरं केलंत. लोक शिकून आल्यावर येतात, तेव्हा आम्हालाही वाईट वाटतं."

परतीच्या बोटीत मी रडले. मामा कठड्याशी उभा होता. मग म्हणाला, "तुझी आवस घरात बसान माझ्यापेक्षा जास्त जग बघता."

पुढच्या वर्षी घाटावरच्या एका मेडिकल कॉलेजात मला प्रवेश मिळाला. तिथे ताजे मासे नव्हते, थंडी मात्र भरपूर होती.

शिकून आल्यावर आचऱ्यातच दवाखाना काढला. आई रोज सकाळी पडवीत येऊन बसायची. नंबर लागेपर्यंत बायका तिच्याशी सुना-मुलींच्या गोष्टी बोलायच्या आणि हसणं इतकं वाढायचं, की मला स्टेथोस्कोपमधून काही ऐकू येत नसे. मी बाहेर येऊन दटावायची. आता आई नाही; पडवीत माणसं मुकाट बसतात. सगळं नीट ऐकू येतं, आणि ते मला मुळीच आवडत नाही.